खात्यात पडलेल्या पैशाने घरात काय बदललं, हे कसं तपासायचं

लाडकी बहीण, संजय गांधी निराधार, श्रावणबाळ, पीएम किसान, मातृ वंदना. यातला एखादा तरी पैसा खात्यात थेट येत नाही अशी वस्ती आता महाराष्ट्रात शोधावी लागेल. या पैशाचं होतं काय, या प्रश्नाला पारावर मात्र ठरलेली दोनच उत्तरं मिळतात. एकजण म्हणतो सगळं वाया जातं, दुसरा म्हणतो बायकांचं भलं झालं. पुरावा दोघांकडेही नसतो. बचत गटाची सीआरपी (गटांना मदत करणारी गावातली कार्यकर्ती), समाजकार्याचे विद्यार्थी, ग्रामपंचायत सदस्य किंवा एखाद्या छोट्या संस्थेचे कार्यकर्ते यांना आपल्याच गावात हे नीट तपासता येईल, अशी ही पद्धत आहे. दोन माणसं, ६० घरं आणि सुमारे चार आठवडे पुरतात. खर्च वह्या, झेरॉक्स आणि पेट्रोल एवढाच.

सुरुवातीलाच एक प्रश्न वहीतून खोडून टाका: "त्या लाडकी बहीणच्या दीड हजाराचं काय केलंत?" उत्तर खरं मिळालं तरी उपयोगाचं नसतं. घरात आलेला पैसा एकाच डब्यात पडतो. ताई म्हणतात तेल-डाळ आणली. पण तेल-डाळ त्या एरवीही आणणारच होत्या. हप्त्यामुळे मोकळे झालेले मजुरीचे पैसे कदाचित फायनान्सच्या वसुलीला गेले. दुसऱ्या घरात "मालकांनी घेतले" असं उत्तर येतं आणि आपण मनात फुली मारतो. त्या पैशातून जूनमध्ये बियाणं आलेलं असतं आणि त्या वर्षी सावकाराकडे जावं लागलेलं नसतं. म्हणून नोटांचा माग काढू नका, घरातला फरक शोधा. या महिन्यात काय आणलं, गेल्या वर्षी याच महिन्यात काय आणलं होतं, कोणाकडून उसनं घेतलं, कामावर कोण गेलं, कोण घरी राहिलं.

आधी रकमेचं वजन करा

दीड हजार रुपये सगळ्या घरांना सारखे नसतात. २०२२-२३ च्या केंद्र सरकारच्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीत ग्रामीण महाराष्ट्राचा दरडोई मासिक खर्च सरासरी ४,०१० रुपये निघाला. पाच माणसांचं घर धरलं तर महिन्याला २०,०५०. त्यात १,५०० म्हणजे साडेसात टक्के. त्याच पाहणीत देशातल्या ग्रामीण भागातल्या सर्वांत गरीब ५ टक्के लोकांचा दरडोई खर्च १,३७३ रुपये होता. तिथे पाच माणसांच्या घराचा खर्च ६,८६५ होतो आणि तेच १,५०० जवळजवळ २२ टक्के भरतात. पहिल्या घरात हा पैसा मोबाइलच्या रिचार्जमध्ये आणि मुलांच्या खाऊत विरून जातो. दुसऱ्या घरात चूल किती वेळा पेटते, हे त्यावर ठरतं. दोन्ही घरांची एकत्र सरासरी काढली तर "थोडाफार फरक पडला" असं गुळमुळीत वाक्य हाती येतं.

म्हणून वहीच्या प्रत्येक पानावर पहिली ओळ अशी ठेवा: घरात खाणारी माणसं किती, महिन्यात थेट येणारे सगळ्या योजनांचे मिळून पैसे किती, माणशी किती. सहा माणसांच्या घरात १,५०० म्हणजे माणशी २५०, दिवसाला सव्वाआठ रुपये. हा आकडा डोळ्यांसमोर राहिला की "एवढे पैसे मिळूनही पोरगी अशक्तच कशी" असले प्रश्न आपोआप बंद होतात.

योजना वेगवेगळ्या लिहा. लाडकी बहीणचे पैसे जुलै २०२४ पासून लागू झाले, महिन्याला १,५००. पीएम किसानचे वर्षाला ६,००० चार-चार महिन्यांनी दोन-दोन हजार येतात. मातृ वंदनाचे पहिल्या बाळासाठीचे ५,००० दोन टप्प्यांत. महिन्याला येणारी छोटी रक्कम किराण्यात जाते आणि एकगठ्ठा आलेली शेळी, पत्रा किंवा कर्जफेडीत, हा कल इतर देशांतल्या अभ्यासांतही दिसलेला आहे. लाडकी बहीणचे दोन-तीन हप्ते तुंबून एकदम पडले तर तो पैसाही एकगठ्ठ्यासारखाच वागतो. त्यामुळे हप्ता कोणत्या तारखेला पडला हे रकमेइतकंच महत्त्वाचं.

खात्यापासून हातापर्यंत

पासबुक मागा, पण फोटो काढू नका आणि खातं किंवा आधार नंबर लिहून घेऊ नका. एंट्रीची तारीख, रक्कम, काढल्याची तारीख आणि मधली कपात, एवढंच टिपा.

"या महिन्यात पैसे कमी आले" अशी तक्रार जूनमध्ये हमखास ऐकू येते. पासबुक पाहिलं की मे महिन्याच्या शेवटी ४३६ आणि २० अशा दोन वजावटी सापडतात. एक जीवन ज्योती विम्याची, दुसरी सुरक्षा विम्याची. खातं उघडताना कधीतरी सही झालेली असते, ताईंना विमा आहे हेच माहीत नसतं. विमा वाईट नाही, पण त्या महिन्यात दीड हजारातले ४५६ गेले ही नोंद हवी. कर्जाचा हप्ता परस्पर कापला गेला असेल तर तोही वेगळा लिहा.

काही ताईंचं म्हणणं असतं की पैसे आलेच नाहीत. आधार नंबर बँकेला दिलेला असणं आणि खातं आधार सीडिंगने (थेट लाभ त्याच खात्यात पडावा म्हणून केलेल्या आधार-जोडणीने) जोडलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या खात्याचं सीडिंग सर्वांत अलीकडे झालं, थेट लाभाचे पैसे त्याच खात्यात जातात. मधल्या काळात कोणीतरी दुसऱ्या बँकेचं खातं उघडून दिलेलं असतं, पैसे तिकडे पडत राहतात आणि ताई जुनं पासबुक भरून भरून थकतात. 'माय आधार' संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते. त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी यावा लागतो. ते काम त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच समोर करा. ओटीपी स्वतःच्या वहीत किंवा फोनमध्ये ठेवू नका.

मग हातात पडेपर्यंतचा खर्च. समजा बँक १४ किलोमीटरवर आहे: जीपचं जाणं-येणं ८०, बुडालेली हजेरी ३००, बीसीने (बँकेच्या वतीने अंगठ्यावर पैसे काढून देणाऱ्या प्रतिनिधीने) "चार्ज" म्हणून घेतलेले २०. दीड हजारातले ११०० उरले. सर्व्हर बंद म्हणून पुन्हा यावं लागलं तर अजून ३८० गेले, उरले ७२०. कागदावर मदत १,५०० आणि घरात पोचली निम्म्याहून कमी. बीसीला कमिशन बँक देते, गिऱ्हाइकाकडून वरचे पैसे घ्यायचे नसतात. तरी पावती मिळते का, "अंगठा लागत नाही" म्हणून दोनदा लावून घेतला का, फेल झालं असं सांगितलेल्या दिवशी खात्यातून रक्कम वजा झाली आहे का, हे तीन प्रश्न प्रत्येक घरी विचारा. कापूस वेचणाऱ्या, भांडी घासणाऱ्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात. अंगठा न लागणं खरंच घडतं आणि फसवणुकीला तेच कारण आयतं मिळतं.

घरं कशी निवडायची

सरपंचांनी दाखवलेली घरं नकोत. गावठाण, वाडी, तांडा, वस्ती अशी सगळी घरं फिरून स्वतः क्रमाने लिहा. २४० घरं निघाली आणि ६० हवी असतील तर दर चौथं घर. कुठून सुरू करायचं ते १ ते ४ च्या चिठ्ठ्या टाकून ठरवा. घर बंद असेल तर दोनदा परत जा, मगच शेजारचं घ्या आणि बदल केला असं लिहा. ऊसतोडीच्या पट्ट्यात दिवाळी ते मार्चपर्यंत गरिबातली गरीब घरंच कुलपात असतात. त्या काळात पाहणी केली तर गाव आहे त्यापेक्षा सुखी दिसतं.

तुलना हा या कामातला सर्वांत अवघड भाग. पैसे मिळणारी आणि न मिळणारी घरं शेजारी-शेजारी ठेवून फरक काढणं सोपं वाटतं, पण न मिळणारी घरं बहुतेक वेळा वेगळीच असतात: कोणाकडे चारचाकी, कोणी आयकर भरणारा, कोणी नोकरीत. ६५ च्या पुढच्या बायकांशी तुलना करावी तर त्यातल्या कित्येकींना श्रावणबाळचे पैसे मिळतात. त्यातल्या त्यात बरी तुलना म्हणजे पात्र असूनही सीडिंगच्या घोळामुळे ज्यांचे पैसे सहा-आठ महिने अडकले, अशी घरं. तीही अगदी बिनचूक नाही, कारण कागदपत्रांचा घोळ गरिबाच्याच घरी जास्त. पण हातात असलेल्यांत हीच चांगली.

मध्य प्रदेशात इंदूर जिल्ह्यात २०११-१२ मध्ये 'सेवा' (SEWA) या कष्टकरी बायकांच्या संघटनेने केलेल्या प्रयोगात ही अडचण आधीच सोडवली होती. आठ गावांतल्या सगळ्यांना पैसे दिले, सुरुवातीला प्रौढाला महिना २०० आणि मुलाला १००, पुढे ३०० आणि १५०. तशाच बारा गावांना दिले नाहीत आणि दोन्हीकडे पाहणी केली. तिथे मुलांच्या शाळेवरचा खर्च वाढला, शेरडं-कोंबड्या वाढल्या, दुसऱ्याच्या बांधावरच्या मजुरीऐवजी स्वतःच्या शेतात राबणं वाढलं. आपल्याला गाव निवडून पैसे देता येत नाहीत, म्हणून आपले निष्कर्षही तितक्याच बेताने मांडायचे.

उधारीची वही

एकच गोष्ट खोलात तपासायला वेळ असेल तर ही तपासा. गरीब घराचं बँक स्टेटमेंट म्हणजे किराणा दुकानदाराकडची उधारीची वही. ताईंची परवानगी घेऊन, त्यांच्यासोबत दुकानात जाऊन त्यांचं पान पाहा. "तेल १, साखर २, पुडा १, चहा १०ची" अशा ओळी आणि मध्येच "जमा ५००". तीन गोष्टी बघायच्या. जमेच्या ओळी पूर्वी बाजाराच्या वारी पडत होत्या त्या आता हप्त्याच्या तारखेजवळ सरकल्या का? महिनाअखेरीची बाकी कमी झाली का? आणि घेतला जाणारा माल बदलला का, म्हणजे सुट्ट्या तेलाच्या जागी पिशवी, पावशेर डाळीच्या जागी किलो?

"बिनव्याजी उधार" यावर विश्वास ठेवू नका. त्याच तेलपिशवीचा रोखीचा भाव आणि उधारीचा भाव वेगवेगळा विचारा. रोख १४० आणि उधारीवर १५० असेल आणि पैसे महिन्याने फेडले जात असतील, तर ते महिन्याला सात टक्के व्याज झालं. कोणी त्याला व्याज म्हणत नाही, इतकंच. हातात रोकड असलेल्या घराला हे दहा रुपये वाचतात. मदतीचा हा परिणाम कुठल्याच प्रश्नावलीत सापडत नाही.

सावकारी लिहिताना दर नेहमी महिन्याचा विचारा. "पाच टक्क्याने घेतले" म्हणजे महिन्याला पाच, वर्षाला साठ. दहा हजारांवर महिना ५०० नुसतं व्याज. ज्या घराने गेल्या वर्षभरात असं एक कर्ज फेडून टाकलं त्याच्या ताटात काही दिसणार नाही, अंगावर नवा कपडा दिसणार नाही, आणि तरी त्या घराचं दरमहा ५०० चं उत्पन्न कायमचं वाढलेलं असतं. पाहणी करणारे याला "पैसे कर्जात गेले" म्हणतात आणि नापसंतीच्या रकान्यात टाकतात. हा रकाना चुकीचा आहे.

उलटही घडतं. दर महिन्याला १,५०० येणार हे दुकानदाराला माहीत असतं, तो उधारीची मर्यादा वाढवतो. गटकर्ज देणारे फायनान्सवालेही याच हप्त्याकडे बघून नवं कर्ज काढायला लावतात. त्यामुळे एकूण कर्जाचा आकडा वाढला तर घाबरू नका आणि खूशही होऊ नका. दर, कारण आणि कोणाकडून, हे तिन्ही लिहा. ऊसतोडीच्या घरांत मुकादमाकडून घेतलेली उचल गेल्या वर्षी किती आणि यंदा किती, आणि मध्ये पावसाळ्यात आगाऊ पैसे मागावे लागले का, हे जरूर विचारा. पावसाळ्यात मुकादमाच्या दारात जावं न लागणं ही मोठी गोष्ट आहे. तिथे घेतलेल्या दोन हजारांवर पुढच्या हंगामाचा भाव ठरतो.

ताट, हजेरी आणि दारू

खाण्यासाठी सात दिवसांचीच आठवण विचारा, महिन्याची कोणालाच सांगता येत नाही. "ताई, मागच्या बाजारातून काय काय आणलंत?" इथून सुरुवात करा. डाळ, तेल, दूध, भाजी, अंडी, फळ, मटण-मासळी: किती आणलं आणि कोणी खाल्लं. "कोणी" हा शब्द सोडू नका. पाच अंडी आली आणि पाचही बाप्यांनी खाल्ली, तर आईच्या रक्तात काही फरक पडणार नाही. प्रत्येक घरी दोनदा जा, एकदा हप्ता पडल्यापासून सात दिवसांत आणि पुन्हा विसाव्या दिवसानंतर. फक्त पहिल्या आठवड्यात गेलात तर सगळं गाव डाळ-भात खाताना दिसतं. अंगणवाडीतली वजनं पाहायला हरकत नाही, पण तीन-चार महिन्यांच्या पैशाने वजन वाढलं किंवा वाढलं नाही, असं काहीही लिहू नका. वजनावर ताप, जुलाब, पाणी, ऋतू सगळ्यांचा हात असतो.

"पैसे मिळायला लागले आणि बायका कामाला येईनात", ही बागायतदारांची तक्रार प्रत्येक तालुक्यात आहे. मागच्या पंधरा दिवसांत किती हजेऱ्या भरल्या, कोणाच्या रानात, रोज (दिवसाची मजुरी) किती, आणि ज्या दिवशी गेल्या नाहीत त्या दिवशी का नाही, असं विचारा. पोराला ताप होता, स्वतःची खुरपणी होती, काम मिळालंच नाही, रोज परवडला नाही. कारण कळल्याशिवाय आकडा निरर्थक आहे. रोज वाढला असेल तर बागायतदाराचं दुखणं तेच असण्याची शक्यता मोठी.

दारूचा प्रश्न घरात विचारू नका. नवऱ्यासमोर तर अजिबात नाही. मागे काय होईल याची जबाबदारी तुम्ही घेऊ शकत नाही. जागतिक बँकेच्या दोन अर्थतज्ज्ञांनी निरनिराळ्या देशांतले अभ्यास एकत्र तपासले तेव्हा थेट पैशामुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढत नाही असंच आढळलं होतं. गावातलं चित्र हवंच असेल तर बचत गटाच्या बैठकीत एकूण गावाबद्दल बोला आणि ते कुठल्याही घराच्या खात्यावर टाकू नका.

बोलायला बसताना

पहिली दहा मिनिटं एकाच शंकेत जातात: "नाव कापायला आलात का?" ई-केवायसी आणि पडताळणीच्या काळात ही भीती रास्त आहे. फॉर्म नाही, सही नाही, आधार नाही, फोटो नाही, हे बसायच्या आधीच सांगा. पानावर नावाऐवजी क्रमांक घाला आणि क्रमांक-नावाची यादी वेगळ्या वहीत, वेगळ्या घरी ठेवा. जाडजूड शिक्का असलेलं लेटरहेड वापरलं की लोक गरिबी वाढवून सांगतात आणि अंगात टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र असेल तर कमी करून. साधेपणाने जा.

सासूबाई शेजारी बसलेल्या असताना "पैसे कोण ठेवतं" या प्रश्नाला खरं उत्तर मिळत नाही. त्यापेक्षा साधे व्यवहार विचारा: एटीएम कार्ड कुठे असतं, पिन कोणाला माहीत, मागच्या वेळी बँकेत कोण गेलं, दोनशे रुपये खर्चायला कोणाला विचारावं लागतं. मध्य प्रदेशात रोजगार हमीची मजुरी बायकांच्या स्वतःच्या खात्यात दिली आणि खातं वापरायचं शिकवलं, तेव्हा त्या बाहेर कामाला जास्त जाऊ लागल्या. नुसतं खातं उघडून तसं घडलं नव्हतं. म्हणून खातं आहे का, यापेक्षा खातं चालवतं कोण, ही नोंद कामाची.

ज्यांना काहीच मिळत नाही त्यांच्याकडेही बघा. फिलिपाइन्समध्ये दुर्गम गावांत थेट पैसा आल्यावर अंड्यांसारख्या वस्तू महागल्या आणि योजनेत नसलेल्या घरांतली मुलं अधिक खुरटली. केनियात मात्र सियाया भागात मोठी रक्कम वाटूनही भाव जेमतेम वाढले, उलट शेजाऱ्यांचा धंदा वाढला. फरक बाजार किती जवळ आणि माल किती सहज येतो याचा. आपल्या गावात दर आठवड्याला एकाच दुकानातले अंडी, तूरडाळ, तेल आणि एक भाजी यांचे भाव टिपा आणि शेजारी तालुक्याच्या बाजारातले. गावातला भाव तालुक्यापेक्षा वेगाने चढत असेल तर तो हप्त्याचा परिणाम असू शकतो. दोन्हीकडे सारखाच चढला तर महागाई.

मोजणी

६० घरांत एखादी गोष्ट निम्म्या घरांत आढळली, तर गावातलं खरं प्रमाण ३७ ते ६३ टक्क्यांत कुठेही असू शकतं. ३०-३० घरांचे दोन गट करून तुलना केली तर सुमारे २५ टक्क्यांहून लहान फरकावर बोलू नका. "५३.३ टक्के" असं दशांशाचं चिन्ह घातलं की अहवाल वजनदार वाटतो, पण तो खोटेपणा आहे. "६० पैकी ३२ घरं" असं लिहा.

घरात आणखी काय बदललं तेही शेवटच्या रकान्यात हवं: रोजगार हमीचं काम निघालं, मुलगा पुण्याला लागला, म्हातारं आजारी पडलं, कापसाचा भाव पडला. मुलाने पैसे पाठवणं कमी केलं का, हे तर मुद्दाम विचारा. "आईला आता मिळतात की" असं म्हणून हात आखडणारी मुलं कमी नाहीत, आणि मग मदत आईला झाली की मुलाला, हा प्रश्न उरतो.

दुसरी फेरी वर्षाने, त्याच महिन्यात आणि त्याच घरी घ्या. जूनची तुलना नोव्हेंबरशी केली तर पेरणी आणि दिवाळी मोजली जाते, मदत नव्हे. वहीतलं जे निघालं ते आधी गटाच्या बैठकीत नावं न घेता वाचून दाखवा. आकडे चुकले असतील तर बायका तिथेच सांगतात, आणि बहुतेक वेळा चूक उधारीच्या रकान्यात सापडते.